वकट, लेंड, मूंड आणि रिकामं शिवार

विटी मी लेथवर काढली, तिथंच चुकलं.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि दिवसभर हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग. हाताशी मशीन असली की माणसाला वाटतं, जगातली कुठलीही गोल वस्तू आपण काढू शकतो. मार्चअखेरीला थोरलीची सहावीची परीक्षा संपली, धाकट्याची त्याआधीच उरकली होती, आणि दोघं आजीच्या मागं लागली की तू लहानपणी काय खेळायचीस ते शिकव. आई म्हणाली, विटी-दांडू. मी म्हटलं, त्यात काय, उद्या करून आणतो. बाभळीचा वाळलेला तुकडा चकमध्ये धरला, दोन्ही टोकांना सारखा टेपर काढला, वर पॉलिश पेपर मारला. वीतभर लांब, मधे अंगठ्याहून जाड, दोन्हीकडं निमुळती. वर्कशॉपमधली पोरंसुद्धा हातातलं काम सोडून बघायला आली.

संध्याकाळी धाकट्यानं ती जमिनीवर ठेवली, टोकावर दांडू हाणला आणि विटी उडायच्या ऐवजी गडगडत गटारीकडं निघाली. परत ठेवली, परत गडगडली. आई कट्ट्यावर बसून बघत होती. "अरे, अशी गुळगुळीत गोल विटी कुठं असती काय? पोटाला तासून चार बाजू पाड की. जाग्यावर बसली पाहिजे ती." मग कोयता काढला, पॉलिश केलेल्या त्या लाकडाच्या अंगावर चार घाव घातले. एवढं केल्यावर विटी शहाण्यासारखी बसली. पुढचा टोला थेट शेजारच्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला.

गल्लीत खेळायचं नाही, हे त्या टोल्यानं ठरवलं.

आमचं घर अनगोळच्या टोकाला. दोन गल्ल्या ओलांडल्या की शिवार सुरू होतं, ते पार येळ्ळूरपर्यंत. म्हणजे पूर्वी दोन गल्ल्या होत्या, आता चार झाल्यात; प्लॉट पडतात तसं शिवार मागं सरकतंय. पण अजून आहे. पावसाळ्यात इथं भात असतं. भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा घेतात, आणि शिमग्याच्या आगंमागं तेही निघतं. मग वळीव पडून नांगर लागेपर्यंत ही काळी जमीन महिना-दीड महिना रिकामी पडून असते. बेळगावातल्या मुलांचं सगळ्यात मोठं मैदान हेच. तिकीट नाही, वॉचमन नाही. ज्यांची शेतं आहेत त्यांना एकदा जाऊन विचारलं, "काका, पोरं खेळली तर चालेल काय?" ते म्हणाले, "खेळूंद्या की. गवताच्या गंजीकडं तेवढं जाऊ नका म्हणावं, आणि काडेपेटी आणू नका."

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. काळ्या मातीला उन्हानं भेगा पडतात, आणि भेगेत विटी गेली की गेली. पहिल्या आठवड्यात आमच्या तीन गेल्या. तिसऱ्या वेळी धाकटा भेगेत खांद्यापर्यंत हात घालून बसला होता आणि थोरली त्याला "साप असतोय बघ आत" म्हणून घाबरवत होती. तेव्हापासून विटीला लाल रंगाचा पट्टा मारतो आणि भेगेत हात नाही, काठी घालायची, असा नियम केला.

या दिवसांचं आमच्याकडं एक वेगळंच गणित आहे. कर्नाटकातल्या शाळांची सुट्टी साधारण १० एप्रिलच्या सुमाराला लागते आणि मे संपता संपता शाळा परत सुरू. कोल्हापूरला माझी मेव्हणी आहे, तिच्या मुलांची शाळा एप्रिलभर चालते, मग त्यांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत. शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर, पण दोन्हीकडच्या सुट्ट्या जुळतात त्या फक्त मे महिन्यात, आणि मेमध्ये उन्हानं कुणी बाहेर पडत नाही. त्यामुळं आमच्या मुलांचा एप्रिल हा मावसभावंडांशिवायचा. आधी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण भावंडं नसली की गल्लीतली मुलं गोळा करावी लागतात.

ती गोळा झाली तेव्हा नऊ भरली. तीन मराठी घरांतली, तीन कन्नड, दोन भावंडं घरी उर्दू बोलणारी आणि एक गोव्याकडचा कोकणी मुलगा, जो सुट्टीला आजोळी आलाय. शाळा बहुतेकांची इंग्रजी माध्यमाची. खेळताना मात्र यातली एकही भाषा धड चालत नव्हती. "आऊट झालास की बे!" "इल्लाऽऽ, नॉटआऊट!" "झेल घेतला मी, झूठ मत बोल!" अशी एकच कालवाकालव.

खरी मजा मोजणीत आली. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत बोटभर खोल, लांबट गल खणायची. तिच्यावर विटी आडवी ठेवून दांडूनं कोलायची, म्हणजे जोरानं पुढं उडवायची. समोरच्यांनी झेलली तर आऊट. नाही झेलली तर त्यांनी ती पडल्या जागेवरून गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर मारायची. लागली तर आऊट, चुकली तर तुमचे टोले सुरू. विटीच्या टोकावर टिचकी दिल्यासारखा दांडू मारून ती उडवायची आणि हवेतच हाणायची. जिथं पडेल तिथून गलीपर्यंत दांडूनं मोजत यायचं. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वै, झकू. सात झाले की परत वकट. मोजणी ज्या शब्दावर थांबेल, पुढचा टोला त्या शब्दाच्या पद्धतीचा: कुठला पायाच्या पंजावर विटी ठेवून, कुठला मुठीवरून, कुठला डोळ्यावर ठेवून. कुठल्या शब्दाला काय, ते गावागणिक बदलतं आणि त्यावरून भांडणं होतात. भांडण हा या खेळाचा अर्धा भाग.

माझी आई मोजत होती आणि मुलं मागून म्हणत होती. शेजारच्या अक्कांची मुलगी एकदम थांबली. घरी कन्नड बोलणारी पोर ती. "आजी, नाल अंदरे नाल्कु! आर अंदरे आरु! हे आमचे नंबर आहेत की!" आई म्हणाली, "तुमचे कसे गं? आमच्या आजीच्या वेळेपास्नं हेच म्हणतोय आम्ही." मुलगी बोटं मोजायला लागली. नाल चौथा, म्हणजे नाल्कु, बरोबर. पण आर, म्हणजे सहा, तो पाचव्या जागेवर कसा? "पाच म्हणजे ऐदु. तुमच्यात पाचाच्या जागी सहा कसं काय बसलंय?"

मलाही राहवेना. हैदराबादला माझं एक गिऱ्हाईक आहे, सील किटच्या ऑर्डरसाठी फोन आला तेव्हा त्यांना म्हटलं, जरा एक ते सात मोजून दाखवा. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. वकट आणि लेंड म्हणजे सरळ ओकटि आणि रेंडु. कन्नडमधल्या ओंदु-एरडुपेक्षा तेलुगूला जवळ. वै हा ऐदुचाच झिजलेला तुकडा असावा, आणि आमच्या आजोळी कधीतरी पाच-सहाची अदलाबदल झालेली दिसते. झकूचा पत्ता मात्र ना कन्नडमध्ये लागला, ना तेलुगूत. म्हणजे आई, मी आणि आमच्या आधीच्या किती पिढ्या परभाषेतले आकडे मोजत आलो, आणि ते आकडे आहेत हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा कितव्या ओळीत यावी यावरून बंद पुकारले जातात, त्या गावात ही मोजणी इतकी वर्षं कुणाच्या नजरेतून कशी सुटली कुणास ठाऊक.

कन्नड घरातली मुलं या खेळाला चिन्नी-दांडू म्हणतात. आमचा धाकटा आता विटीला चिन्नी म्हणतो. आईला ते पटत नाही, पण तिचं कोण ऐकतंय.

डोळ्यावरचा टोला मात्र मी बंद केला. माझ्या डाव्या भुवईवर चौथीतल्या विटीची खूण आहे, अर्धा इंच खाली लागली असती तर आज वर्कशॉप चालवत बसलो नसतो. टोला मारणाऱ्यापासून वीस पावलांच्या आत कुणी उभं राहायचं नाही आणि आठ वर्षांखालच्यांनी झेलायला पुढं यायचं नाही. धाकटा सात वर्षांचा. तो या नियमावर इतका रुसला की त्याच्यासाठी पलीकडं लगोरी मांडावी लागली. सात चपट्या फरश्यांचे तुकडे आणि एक रबरी चेंडू. गंमत म्हणजे दोन दिवसांत मोठी मुलंच विटी सोडून लगोरीकडं गेली. खेळांचा मोसम असाच बदलतो, कुणी सांगायला लागत नाही. आमच्या लहानपणीही काल गोट्या चालू असायच्या आणि आज सगळ्यांच्या खिशात भोवरे, तसंच.

थोडं मागं जातो, रंगपंचमीकडं. बेळगावात धुळवडीला रंग खेळतात, पण शहापूर-वडगावकडं पाच दिवसांनी रंगपंचमीला. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, म्हणून तिकडची रीत वेगळी, असं जुनी माणसं सांगतात. माझी बहीण शहापुरात दिलेली आहे, त्यामुळं आमच्या पोरांना रंग दोनदा. पहिल्या रंगाला बाजारातला रंग कानामागं असा बसला की आठवडाभर निघेना. दुसऱ्या खेपेला बहिणीनं पळसाची फुलं आणायला लावली. टोपलीभर फुलं रात्री हंड्यात भिजत घातली, सकाळी त्याच पाण्याला उकळी दिली. रंग आधी पिवळाच दिसतो; त्यात खायच्या चुन्याची बारीकशी गोळी विरघळवली की केशरी चढतो. चुना मोठ्यांनी घालायचा आणि बेतानं. खरं सांगायचं तर रंग खेळण्यापेक्षा झाडाखाली पडलेली फुलं वेचण्यातच मुलांचा जास्त वेळ गेला. पळसाला पान नसतं त्या दिवसांत, नुसतं केशरी झाड. त्यावर मैना आणि बुलबुलांचा कालवा चाललेला, खाली आमचा.

गेल्या वर्षी मी थोरलीला एका समर कॅम्पला घातलं होतं. पैसे भरले, टोपी मिळाली, टी-शर्ट मिळाला. पत्रकात 'मैदानी खेळ' लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात फरशी घातलेल्या अंगणात प्लास्टिकच्या रिंगा टाकायच्या आणि दर अर्ध्या तासाला शिट्टी. ती चौथ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, तिथं भांडायला पण देत नाहीत." टोपी अजून आहे, ती मी वर्कशॉपमध्ये घालतो.

शिवारात जायची वेळ सकाळी साडेसहा ते नऊ आणि मग साडेचारनंतर. आपलं बेळगाव उंचावर, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास, त्यामुळं सकाळी अजून अंगावर गार वारं येतं. दुपारी मात्र पारा पस्तिशी गाठतो, तेव्हा मुलं आमच्या सोप्यात. खडूनं घरं आखून चौका-बारा, कवड्यांच्या जागी फोडलेले चिंचोके. रविवारी सकाळी कधी व्हॅक्सिन डेपोत नेतो. पूर्वी तिथं देवीची लस तयार व्हायची, आता मोठाल्या झाडांची सावली आणि पडलेल्या पाल्याचा जाड थर. तिथं लपंडावाला मजा नाही, पाला वाजतो, सगळे सापडतात. थोरलीनं त्यावरून उलटा खेळ काढला: ज्याच्यावर राज्य त्याचे डोळे बांधायचे आणि बाकीच्यांनी पाल्यातून आवाज न करता त्याच्यापर्यंत पोचायचं. मी तीनदा हरलो. एकदा किल्ल्यातही गेलो, तिथल्या १२०४ सालच्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, छतातलं दगडी कमळ मान दुखेपर्यंत बघितलं; पण धाकट्याला तलावातली बदकं जास्त आवडली.

आणि मामाचं गाव. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं. माझा मामा, पोरांचा आजोबा-मामा. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते, आणि त्या भागात फाल्गुन-चैत्रात जंगल कसं दिसतं ते एकदा मुलांना दाखवायलाच हवं. कुसुंबाची कोवळी पालवी रक्तासारखी लाल, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, अंजनीच्या फांद्यांना निळी-जांभळी फुलं. करवंदं पिकायला अजून वेळ, पण तोरणं पिकलेली होती. पांढरी, मोत्यासारखी, आत मोठी बी, गर नावालाच. थोरली म्हणाली, "एवढे काटे खाऊन एवढंसंच?" मामा म्हणाला, "म्हणून तर गोड लागतंय."

काजूचे दिवस होते. बोंड खाऊन शर्टावर डाग पडले, ते कायमचे, बायको त्यावर अजून बोलते. मामानं काजू भाजले जुन्या पत्र्याच्या डब्यात, अंगणापासून लांब. काजूच्या सालीतलं तेल भडका घेतं आणि कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा भाजताना मुलं दहा हात लांब. थंड झाल्यावर राख लावून दगडानं फोडायचं काम तेवढं त्यांचं. दातानं फोडायचं नाही, हे मामानं तीनदा सांगितलं. धाकट्यानं फोडलंच. दोन दिवस ओठ सुजून वांग्यासारखा.

तिथून खाली ओढा आहे. चैत्रात घोट्याएवढं पाणी. मी चेंडू, दोरी, फ्रिस्बी असं बरंच काही पिशवीत भरून नेलं होतं, कशालाही हात लागला नाही. मुलांनी दगड गोळा करायला सुरुवात केली आणि पुढचे अडीच तास बांध. आधी नुसते दगड रचले, पाणी फटींतून निघून गेलं. मग पाला कोंबला, तोही वाहून गेला. मी काठावरून म्हटलं, आधी बारीक वाळू, मग माती, मग... थोरलीनं वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "पप्पा, तुम्ही बसा की." बसलो. ओली माती पाल्यात गुंडाळून तिचे गोळे फटीत दाबायचं तिचं तिनंच शोधलं. पाणी वीतभर चढलं, कडेनं वाट काढायला लागलं, आणि धाकट्यानं तिथं चर खणून त्यातून पानांच्या होड्या सोडल्या. माझा पंधरा वर्षांचा हायड्रॉलिकचा अनुभव त्या काठावर बसून फुकट गेला. निघताना मामा म्हणाला, बांध फोडून जा, खाली गुरं पाण्याला येतात. फोडताना जो आरडाओरडा झाला, तो बांधतानाच्या दुप्पट.

जंगलाकडं जाणार असाल तर मोठ्या माणसाशिवाय मुलांना पुढं सोडू नका, बोलत-टाळ्या वाजवत चाला; गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि दोन्ही दचकवलेली बरी नव्हेत. ओढ्यात खेळा, डोहात नाही. मामाच्या विहिरीत मुलांना पोहायला शिकवायचं ठरलंय, आम्ही पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका पाठीला बांधून शिकलो, आता रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधतात. पण ते पुढच्या खेपेला. आधी मी स्वतः विहिरीत उतरून बघणार आहे की मला अजून पोहायला येतं का.

परवा दुपारी तीनला येळ्ळूरच्या अंगाला आभाळ काळं झालं. मुलं शिवारात नव्हती म्हणून बरं, वीज फार जवळ पडली. आधी धूळ, मग मातीचा वास, मग पत्र्यांवर ताडताड गारा. वीज लांब गेल्यावर दोघं स्टीलचे डबे घेऊन अंगणात. अर्ध्या गारा तोंडात, अर्ध्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. आमची गल, लगोरीचं रिंगण, तीन विट्या गिळलेल्या भेगा, सगळं उलटंपालटं होऊन काळ्या ढेकळांखाली गेलं. मुलं बांधावर उभी राहून बघत होती. शेतवाल्या काकांनी हात केला, त्यांनीही केला.

फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीला चिकटलेली एक गार अजून आहे. तिला कुणी हात लावायचा नाही, असं धाकट्यानं दारावर लिहून ठेवलंय. खाली शेजारच्या अक्कांच्या मुलीनं तेच कन्नडमध्ये लिहिलंय.